ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजायला कसं शिकायचं, आणि पणजीच्या कसिनो बोटींवर त्याचा काही उपयोग होतो का?

कुडाळहून तुम्ही विचारलंय: गणित बेताचं आहे, पण मेंढीकोट लहानपणापासून खेळतोय. तर ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजायला शिकता येईल का, मोबाईलवर सराव चालेल का, आणि शिकल्यावर मांडवीतल्या बोटींवर महिन्याला चार पैसे सुटतील का?

शिकता येईल. रोज अर्धा तास नेमाने दिलात तर दोनेक महिन्यांत बऱ्यापैकी जमेल. पैसे मात्र सुटणार नाहीत. त्याचं कारण पत्त्यांत कमी आणि करांत जास्त आहे, ते पुढे येईलच. मी वेंगुर्ल्याचा. लग्नाआधी काही वर्षं पणजीला एका बोटीवर डीलर, म्हणजे कसिनोतर्फे पत्ते वाटणारा, होतो, त्यामुळे हा खेळ टेबलाच्या पलीकडून पाहिलाय.

आधी एक गैरसमज काढून टाका. मोजणारा माणूस एकही पत्ता लक्षात ठेवत नाही. मेंढीकोटात तुम्ही जे करता ते खरं याहून अवघड असतं. कुठली मेंढी कुणी नेली, हुकमाचे किती उतरले, समोरच्याने बदाम का लपवला, हे सगळं डोक्यात धरावं लागतं. आमच्या वाडीतले एक काका तर शेवटच्या चार हातांत कुणाकडे काय आहे ते तोंडावर सांगायचे, आणि भिडू चुकला की, "मेल्या, इस्पिकची दश्शी खंय रवली ता बघूक नको?" म्हणून सगळ्यांदेखत भादरायचे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत तर दहा अवतारांचे बारा-बारा असे १२० पत्ते! ब्लॅकजॅकमध्ये किलवर-बदाम-चौकट-इस्पिक याला काही किंमतच नाही. डोक्यात एकच आकडा चालू ठेवायचा, बास.

आता तो आकडा कशाचा? खेळ तुम्हाला माहीत असेलच: एकवीसच्या जास्तीत जास्त जवळ जायचं, ओलांडलं की बस्ट. राजा-राणी-गुलाम दहाचे, एक्का एकचा किंवा अकराचा. डीलरला स्वतःचं डोकं चालवायची मुभा नाही. सोळापर्यंत पत्ता घेतलाच पाहिजे, सतराला थांबलंच पाहिजे. माझ्यापुढे पंधरा असले आणि मनात कितीही धाकधूक असली तरी मला पत्ता ओढावाच लागायचा. खेळाडूला आधी खेळावं लागतं आणि तो बस्ट झाला की त्याचे पैसे लगेच उचलले जातात, मग डीलर नंतर बस्ट झाला तरी ते परत मिळत नाहीत. कसिनोची सगळी कमाई या एका गोष्टीवर उभी आहे.

पण रूलेटमध्ये चेंडूला आधीचा आकडा आठवत नाही, तसं इथे नाही. शूमधून, म्हणजे पत्ते ठेवायच्या पेटीतून, गेलेला पत्ता पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. दुर्र्या, तिर्र्या, पंज्या भराभर निघून गेल्या तर मागे उरतात त्यात दश्श्या, चित्रं आणि एक्के जास्त. असा उरलेला माल खेळाडूला चांगला. ब्लॅकजॅक, म्हणजे एक्का आणि दहाचा पत्ता, दोघांनाही जास्त वेळा लागतो, पण तुम्हाला लागला तर दीडपट मिळतात आणि डीलरला लागला तर तुमचे एकपटच जातात. वर डीलर बारा ते सोळात अडकला की त्याला ओढावंच लागतं, आणि मोठे पत्ते जास्त असले की तो बस्ट होतो. तुम्ही थांबू शकता, तो थांबू शकत नाही.

हा खेळ हिशोबाने पहिल्यांदा मांडला तो अमेरिकी लष्करातल्या चौघांनी, १९५६ साली, टेबलावरच्या गणकयंत्रांवर आकडे बडवून. कुठल्या परिस्थितीत काय करावं, एवढंच त्यांनी काढलं होतं. मग एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने तेच काम आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरवर घातलं आणि १९६२ मध्ये पुस्तक काढून मोजण्याची पद्धत जगजाहीर केली. पंजी गेल्याने खेळाडूचा सगळ्यात जास्त फायदा होतो हे त्यातूनच कळलं, आणि थॉर्पची पहिली पद्धत नुसत्या पंज्या मोजायची होती. आज सगळे वापरतात ती हाय-लो, तीही साठच्याच दशकातली.

मोजण्याच्या आधी 'बेसिक स्ट्रॅटेजी' पाठ करा. इथे बहुतेक जण घाई करतात आणि माझ्या मते पत्ते मोजण्यातली निम्मी मेहनत इथेच आहे. तुमच्या हातात काय आणि डीलरचा उघडा पत्ता काय, यावरून काय करायचं याचा एक तक्ता असतो. गाभा असा: डीलरचा उघडा पत्ता चव्वी, पंजी किंवा छक्की असेल आणि तुमचे बारा ते सोळा असतील तर थांबा, त्याला फुटू द्या. छक्की उघडी असली की डीलर शंभरातल्या साधारण बेचाळीस वेळा बस्ट होतो. सत्ती किंवा वरचं काही दिसलं तर सतरा होईपर्यंत ओढा. अकराला शक्यतो डबल, म्हणजे पैज दुप्पट करून एकच पत्ता घ्यायचा. दोन अठ्ठ्या बहुतेक वेळा फोडायच्या, म्हणजे त्यांचे दोन वेगळे हात करायचे, दोन दश्श्या कधीच नाही. बाकी बारीकसारीक टेबलाच्या नियमांप्रमाणे बदलतं, म्हणून तक्ता त्या नियमांचाच घ्या. एवढं न चुकता केलंत तर चांगल्या नियमांच्या टेबलावर कसिनोचा वरचष्मा साधारण अर्ध्या टक्क्यावर येतो, म्हणजे तुम्ही लावलेल्या शंभरातले सरासरी पन्नास पैसे त्यांचे. आतल्या आवाजाने खेळणारे यापेक्षा कितीतरी जास्त देऊन जातात. मी त्यांचेच चिप्स उचलायचो.

आता हाय-लो. दुर्री ते छक्की दिसली की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी शून्य, सोडून द्यायच्या. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का दिसला की उणे एक. समजा ओळीने पंजी, राजा, दुर्री, अठ्ठी, एक्का, छक्की, चव्वी आली. आकडा असा जाईल: एक, शून्य, एक, एक, शून्य, एक, दोन. एका कॅटात अधिकवाले वीस आणि उणेवाले वीस, म्हणून पूर्ण कॅट उलटून झाला की शेवटी शून्यच यायला हवं. तपासणीची सोय त्यातच आहे. सरावात एक पत्ता न बघता बाजूला ठेवा आणि बाकीचे मोजा. शेवटी अधिक एक आलं तर बाजूचा पत्ता मोठा, उणे एक आलं तर छोटा, शून्य आलं तर मधला.

एकेक पत्ता मोजत बसलात तर वेग येत नाही. जोड्या बघायची सवय लावा. राजा आणि पंजी शेजारी दिसली की ती खोडलीच, आकडा हलवायचाच नाही. टेबलावर पाच जण बसलेले असतील तर पहिल्या वाटपातच अकरा पत्ते समोर पडतात, त्यातले सहा-आठ एकमेकांना खातात आणि उरतं अधिक दोन किंवा उणे एक असं काहीतरी. बावन्न पत्ते अर्ध्या मिनिटाच्या आत, शेवटी हमखास शून्य, एवढं जमलं की हात तयार झाला समजा. मग टीव्ही लावून, घरच्यांशी बोलत, कुणीतरी 'जेवायला ये' म्हणत असताना करून बघा. आकडा पुटपुटायचा नाही. ओठ हलणारा माणूस आम्हाला दोन टेबलं पलीकडून दिसायचा.

कॅट एक नसतो, सहा किंवा आठ असतात. सहा कॅट म्हणजे ३१२ पत्ते. त्यात अधिक सहा झाले याचा अर्थ किती पत्ते उरलेत यावर ठरतो. चालू आकड्याला उरलेल्या कॅटांनी भागायचं. तीन कॅट उरले असतील तर सहा भागिले तीन म्हणजे दोन, एकच उरला असेल तर पूर्ण सहा. याला ट्रू काउंट म्हणतात. भागाकार अर्ध्या-पाव्यापर्यंत चालतो, त्याला बेताचं गणित पुरतं. खरी कसोटी नजरेची असते: वापरलेले पत्ते शेजारच्या डब्यात रचले जातात, त्या थप्पीच्या उंचीवरून किती कॅट गेले ते ओळखायचं. दोन-तीन जुने कॅट एकावर एक ठेवून ही नजर घरी बसवता येते.

ट्रू काउंट एकने वाढला की पारडं तुमच्याकडे ढोबळमानाने अर्ध्या टक्क्याने झुकतं. म्हणजे अधिक एकला बरोबरी, अधिक दोनला अर्धा टक्का तुमचा, अधिक तीनला एक टक्का. पैसे लावायचे ते यावरून: कमी असताना टेबलाचं किमान, वाढल्यावर जास्त.

एक हात जवळून बघा, म्हणजे आकडा नुसता पैसे वाढवायला नसतो हे कळेल. तुमच्याकडे दश्शी आणि छक्की, सोळा. डीलरची राणी उघडी. खेळातला हा सगळ्यात नकोसा हात. ओढा किंवा थांबा, चारातल्या तीन वेळा हरणारच. दोन्हीतला फरक इतका बारीक असतो की तक्ता 'ओढा' म्हणतो तो केसभर फायद्यासाठी. अशा वेळी मोजलेला आकडा बघायचा. शून्याच्या वर असेल तर मोठे पत्ते जास्त उरलेत, ओढलात तर फुटण्याचा धोका जास्त, तेव्हा थांबा. खाली असेल तर ओढा. टेबलावरचे बाकीचे 'सोळाला कसला थांबतोस' म्हणून तुमच्याकडे बघतील. बघू देत.

इन्शुरन्सचंही तसंच. डीलरचा एक्का उघडला की 'इन्शुरन्स?' असं विचारायचं हे आमचं ठरलेलं वाक्य. डीलरला ब्लॅकजॅक लागेल यावर लावायची ही जादा पैज तेव्हाच परवडते जेव्हा उरलेल्यात दहाचे पत्ते एक तृतीयांशाहून जास्त असतील. एरवी बावन्नात सोळाच असतात, म्हणून नको म्हणा. ट्रू काउंट अधिक तीन झाल्यावर मात्र घ्यावी. गंमत म्हणजे मोजणारा ओळखू येतो तो इथेच: एरवी कधीच न घेणारा माणूस मोठी रक्कम लावलेली असताना नेमकी घेतो. पिट बॉसला, म्हणजे टेबलांवर नजर ठेवणाऱ्या साहेबाला, यासाठी स्वतः मोजावं लागत नाही. छोटे पत्ते भसाभस पडले की हजाराचे दहा हजार आणि पत्ते पिसले की परत हजार, एवढं त्याला पुरतं.

मनातल्या मनात मोजणं गुन्हा आहे का, हे मला पुष्कळ जण विचारतात. नुसतं डोकं वापरणं ही फसवणूक होत नाही. यंत्राची मदत घेणं वेगळं, त्याला नेवाडात, म्हणजे लास वेगासच्या राज्यात, १९८५ पासून कायद्यानेच बंदी आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये केन उस्टन नावाच्या मोजणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला होता, म्हणून तिथल्या अटलांटिक सिटीतल्या कसिनोंत नुसतं मोजतो म्हणून कुणाला बाहेर काढता येत नाही. पण तो निकाल तिथला. इथे बोट मालकाची. तुम्हाला हसतमुखाने 'सर, दुसरा कुठलाही गेम खेळा' म्हणतील, तेव्हा वाद घालू नका.

बहुतेक वेळा तेवढीही गरज पडत नाही. टेबलावर सतत पिसणारं मशीन असेल तर प्रत्येक हातानंतर वापरलेले पत्ते परत आत जातात, आकडा कधी साठतच नाही. मोजणं तिथे संपलं. पेटीतून वाटत असतील तर कट कार्ड, म्हणजे इथपर्यंतच वाटायचं याची खूण, कुठे घालतात ते बघा. सहापैकी दीड कॅट मागे ठेवला तर ठीक, तीन मागे ठेवले तर उठा. आणि टेबलावरच्या कापडावर ब्लॅकजॅकला 'तीनास दोन' देतात की 'सहास पाच' ते वाचल्याशिवाय बसूच नका. हजारावर पंधराशेऐवजी बाराशे मिळाले, तर त्या एका ओळीने कसिनोचा वरचष्मा जवळपास १.४ टक्क्याने वाढतो. तुमची मोजणी कितीही चोख असली तरी ते भरून निघत नाही.

समजा टेबल उत्तम मिळालं, कुणी हटकलं नाही, आणि तुम्हाला सरासरी एक टक्का वरचष्मा मिळाला. हे फारच उदार गृहीत आहे, तरी धरू. दर डावाला १००० रुपये, शंभर डाव. अपेक्षित फायदा हजार रुपये. पण शंभर डावांतला नेहमीचा चढ-उतार साडेअकरा हजारांचा असतो. म्हणजे एका रात्रीत तुम्ही चांगले खेळलात की वाईट, हे निकालावरून कळणारच नाही. फायदा आणि चढ-उतार यांची बरोबरी व्हायला साधारण तेरा हजार डाव लागतात. तासाला साठ धरले तर टेबलावरचे सुमारे दोनशे वीस तास. त्यानंतरही सहातला एक जण तोट्यातच असेल, सगळं बरोबर करून.

आता करांचं. ही सगळी गणितं नेवाडातल्या टेबलांवर बसवलेली आहेत, आपल्याकडे आणली की उत्तर बदलतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून कसिनोत चिप्ससाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. दहा हजारांवर चार हजार. बोट ते तुमच्याकडून वेगळे घेते, पॅकेजमध्ये मुरवते की थोडे स्वतः सोसते ते काउंटरवर विचारा, पण कुठून तरी ते निघतातच. जिंकलेल्या चिप्सवर पुन्हा खेळलात तर परत कर नाही, एवढाच दिलासा. एक टक्क्याने चार हजार भरून काढायला चार लाखांची उलाढाल हवी, म्हणजे हजाराचे चारशे डाव, तेव्हा कुठे शून्यावर याल. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर, वर सेस, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करू देत नाहीत. शनिवारी वीस हजार जिंकलात, रविवारी वीस हजार हरलात, खिशात काही आलं नाही तरी कायद्याच्या हिशोबाने सहा हजारांहून जास्त कर झाला. एक टक्का कमावणाऱ्या माणसाने यातून काय काढायचं ते तुम्हीच सांगा. अमेरिकेत बसून कुणी व्हिडिओत 'हाच माझा व्यवसाय' म्हणत असेल तर त्याचं खरंही असेल, त्याच्याकडे चिप्सवर जीएसटी नाही.

तरी एकदा बघायला जायचं असेल तर जा. जुगार कायद्याच्या १९९६ च्या दुरुस्तीने गोव्यात पत्त्यांची टेबलं फक्त समुद्र-नदीतल्या जहाजांवर चालतात, जमिनीवरच्या पंचतारांकित हॉटेलांत मशीनचे खेळ. वय एकवीस पूर्ण हवं. गोव्याच्या रहिवाशांना १ फेब्रुवारी २०२० पासून आत खेळायला मनाई आहे, पण तुमचं आधार सिंधुदुर्गचं, म्हणजे तुम्ही पर्यटक. जेवढे पैसे घालवून रात्री नीट झोप लागेल तेवढेच न्या आणि एटीएम कार्ड घरी ठेवा. हे मी पोक्तपणाने सांगत नाहीये. पहाटे चार वाजता गाडीच्या भाड्याला पैसे मागणारे लोक मी जेट्टीवर पाहिलेत, आणि त्यात तक्ता पाठ असलेलेही होते.

राहिला मोबाईल. बिनपैशाचं सरावाचं अ‍ॅप चालेल, तक्ता पाठ करायला तर फारच सोयीचं. पण पैसे लावायला सांगणाऱ्या अ‍ॅपवर मोजून काही उपयोग नाही. तिथे सॉफ्टवेअर बहुधा प्रत्येक डावाला नव्याने पिसतं. शिवाय पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलाय, तेव्हा असं अ‍ॅप अजून चालू दिसलं तर ते कुणाचं आहे याचाच आधी विचार करा. मोजणीचा सराव मात्र खऱ्या पत्त्यांवर करा. स्क्रीनवर पत्ते एका लयीत येतात, डीलर तसे टाकत नाही, आणि डाव संपला की तो हात फिरवून सगळे एका झटक्यात उचलतो. घरातला जुना कॅट घेणार असाल तर पत्ते बावन्न आहेत ना ते आधी बघून घ्या. एखादी तिर्री कपाटामागे पडलेली असते, शेवटी शून्य येत नाही, आणि माणूस आठवडाभर स्वतःलाच बोल लावत बसतो.